मारितची शिफारस

बायको डेल्फिना गेली हे गेलनला कळलं तेव्हा तो शाळेच्या सात नंबरच्या बसखाली उताणा पडला होता. गिअरबॉक्समधून तेल गळत होतं आणि ते नेमकं कुठून गळतंय हे सापडत नव्हतं. गॅरेजचं दार उघडलं, गार वारा आत आला आणि त्याला बसखालून दोन पाय दिसले. पांढरे बूट. गॅरेजमध्ये पांढरे बूट घालून कोणी येत नाही.

"गेलन, जरा बाहेर या," कोरिन म्हणाली.

कोरिन गावच्या दवाखान्यात होती. नॉर्स्टाडमध्ये पूर्णवेळ डॉक्टर कधी टिकला नाही. नॉर्थ डाकोटातल्या असल्या गावात डॉक्टर येतात, एक हिवाळा बघतात आणि जातात. कोरिन फिजिशियन असिस्टंट होती. तपासणं, टाके घालणं, औषध लिहून देणं, सगळं तीच करायची, आणि लोक तिला डॉक्टरच समजायचे.

गेलन चाकांच्या फळीवरून सरपटत बाहेर आला आणि तसाच बसून राहिला. कोरिनने कोपऱ्यातली बादली आणली, उलटी केली आणि त्याच्यासमोर तिच्यावर बसली.

"डेल्फिना गेली, गेलन. चर्चच्या तळघरात लेफ्सच्या पोळ्या लाटत होती, तिथेच पडली. हृदय बंद पडलं होतं. ऑर्लिनने ॲम्ब्युलन्समध्ये आणि मी दवाखान्यात, करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं. ती परत आली नाही."

"बरं," गेलन म्हणाला. मग म्हणाला, "हात धुतो."

त्याने हात धुतले. पुन्हा धुतले. ग्रीस निघून गेलं होतं तरी धूत राहिला. कोरिन टॉवेल घेऊन शेजारी उभी होती. देवाची इच्छा, सुटली बिचारी, असलं काही ती बोलली नाही. नंतर तिने त्याला स्वतःच्या गाडीतून नेलं.

गेलनची मुलगी मारित त्या दिवशी ॲम्ब्युलन्सच्या कसल्याशा वर्गासाठी ग्रँड फोर्क्सला गेली होती. संध्याकाळी घरी आली तेव्हा तिने पहिलं विचारलं ते हेच.

"बाबा, तुला कोणी सांगितलं?"

"कोरिनने."

"फोनवर?"

"नाही. आली होती."

मारितने मान हलवली.

गेलनच्या घरात बोलायचं खातं डेल्फिनाकडे होतं. ती मूळची मिनेसोटाच्या लोखंडाच्या खाणींकडची, इटालियन घरातली. नॉर्स्टाडमध्ये जन्म काढूनही तिचा आवाज खाली आला नव्हता. नॉर्स्टाडचे लोक नॉर्वेहून आलेल्यांचे वंशज, आणि त्यांच्यात स्तुतीबद्दल एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. गहू भरघोस आला तर म्हणायचं, वाईट नाही. पोरगी राज्यात पहिली आली तर म्हणायचं, ठीक झालं. आणि स्वतःच्या पोरीबद्दल तर तेवढंही म्हणायचं नाही. ते म्हणजे आतल्या कपड्यांवर रस्त्यात आल्यासारखं.

डेल्फिनाने हा नियम कधीच मानला नाही. वाण्याच्या दुकानात उभी राहून ती मोठ्याने सांगायची, "माझ्या मारितसारखी मुलगी या काउंटीत दुसरी नाही." अशा वेळी गेलन शेंगांचे डबे हातात घेऊन त्यावरची बारीक अक्षरं वाचत राहायचा. आता ते डबे वाचायची वेळ येत नव्हती, आणि त्याला त्याचंच वाईट वाटायचं.

जानेवारीत एका रात्री जेवताना मारित म्हणाली, "बाबा, मला कोरिन करते ते काम करायचंय."

मारित एकतीस वर्षांची. जीवशास्त्र शिकून गावात परत आलेली. दिवसा धान्याच्या कोठारावर वजनकाट्याशी बसायची आणि बाकी वेळ गावच्या ॲम्ब्युलन्सवर बिनपगारी जायची. तिला कॉलेजात जागाही मिळाली होती, हे तिने त्याच दिवशी सांगितलं. इतके दिवस का नाही सांगितलं, असं गेलनने विचारलं नाही. सांगितलं असतं तर ते मिरवल्यासारखं झालं असतं.

"खर्च?" त्याने विचारलं.

"कोरिनला नौदलाने शिकवलं. शिक्षण त्यांच्या खर्चाने, मग काही वर्षं त्यांच्याकडे नोकरी. ती म्हणते मीही अर्ज करावा."

"नौदल." गेलनने काटा खाली ठेवला. "समुद्र इथून किती लांब आहे, माहीत आहे का तुला?"

"तुला आहे?"

"नाही."

"मग."

गेलनने आणखी हॉटडिश, मांस-बटाट्याचा तो भाजलेला पदार्थ, वाढून घेतली. ती चर्चमधल्या कोणीतरी आणून दिलेली होती. डेल्फिना गेल्यापासून फ्रीजमध्ये हॉटडिशशिवाय काही नव्हतं, आणि सगळ्यांच्या डब्यांवर नावाच्या पट्ट्या होत्या.

मारित कामाला लागली. शारीरिक चाचणीसाठी ती रोज बर्फातून पळायची. वाटेत गारठून पडू नये म्हणून ॲम्ब्युलन्सचा प्रमुख ऑर्लिन मागून आपला ट्रक हळूहळू चालवत यायचा, आणि खिडकी खाली करून "चाललंय ना" एवढंच विचारायचा. पोहणं सुधारायला ती हायवेवरच्या मोटेलच्या तलावात जायची. तो तलाव एवढासा होता की दोन हात मारले की भिंत यायची. मोटेलवाली म्हणायची, "जहाज इथे नको आणू म्हणजे झालं."

अर्जाला तीन शिफारसपत्रं लागत होती. एक कोरिनचं, एक ऑर्लिनचं, एक चर्चच्या पास्टर सिग्नेबाईंचं. तिघांनी आपापलं पत्र नौदलाच्या भरती अधिकाऱ्याकडे परस्पर पाठवलं. भरती अधिकारी लेफ्टनंट टिलरी म्हणून होता. माणूस अलाबामाचा, गोड आणि सावकाश बोलणारा. सोमवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. मारितने फोन टेबलावर मधोमध ठेवला, म्हणजे गेलनलाही ऐकू यावं.

"मारित, एक विचारू का? राग मानू नका. तुमचं गावात कोणाशी वाकडं आहे?"

"नाही."

"नक्की?"

"नाही, कोणाशीच नाही. का?"

"कोरिनबाईंचं पत्र वाचलं. मला वाटलं ही मुलगी घेतली नाही तर नौदल बुडेल. मग बाकीची दोन उघडली." कागद चाळल्याचा आवाज आला. "हे मी वाचून दाखवायला नको खरं तर. पण ऐकाच. 'मारितला मी ओळखतो. ती तशी बरी आहे. बोलावलं की येते. गाडीत डिझेल भरून ठेवते.' खाली सही, ऑर्लिन हाउगेन, ॲम्ब्युलन्स प्रमुख. संपलं."

मारितचे कान लाल झाले. ती दुखावली असं टिलरीला वाटलं असतं, पण तो तिथे नव्हता. गेलन होता आणि त्याला कळलं.

"ऑर्लिनने असं लिहिलं?" ती हळूच म्हणाली.

गेलनही सरसावून बसला होता. डिझेलचं ऑर्लिन आजवर कोणाबद्दल बोलला नव्हता. स्वतःच्या भावाबद्दलसुद्धा नाही.

"पास्टरबाईंचं त्याहून लहान आहे," टिलरी म्हणाला. "'मारितविरुद्ध माझी कसलीही तक्रार नाही.'"

"अरे वा," गेलनच्या तोंडून निघून गेलं.

"कोण बोललं?"

"माझे बाबा."

"म्हणजे हे चांगलं आहे का?"

"खूपच," मारित म्हणाली.

"तुमच्याकडे असेल. पण निवड समितीत टेक्ससचे, फ्लोरिडाचे, आमच्या अलाबामाचे लोक बसतात. आमच्याकडे चोराची शिफारस करायची वेळ आली तरी लोक याहून बरी करतात, मारित. ही दोन पत्रं कोरिनबाईंच्या पत्राशेजारी ठेवली तर समितीला वाटेल कोरिनबाई तुमच्या मावशी आहेत. आणि तुमचा स्वतःचा निबंध. 'मी कोणाच्या अध्येमध्ये येत नाही.' हे नौदलात यायचं कारण आहे का?"

"खरं आहे ते."

"खरं असेल. हे बघा, मला शुक्रवारपर्यंत थांबता येईल. त्यानंतर अर्ज आहे तसा पुढे जाईल, आणि आहे तसा गेला तर तुम्ही आत येत नाही, हे मी आजच सांगतो. कॉलेज तुमची जागा राखून ठेवणार नाही ना पुढच्या वर्षापर्यंत?"

"नाही."

"मग त्या दोघांना सांगा, जरा हात सैल सोडा म्हणावं."

फोन बंद झाला. मारितने दोघांच्या कपांत कॉफी ओतली.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली.

"मी काही बोललो का?"

"ऑर्लिनकडे जाऊन काय म्हणू? तुमची स्तुती पुरली नाही, आणखी एक पळी वाढा? त्याने डिझेलचं लिहिलंय, बाबा. त्याच्यावर म्हणायचं तरी काय? त्यापेक्षा राहू दे. कोठारावर माझं काही वाईट चाललेलं नाही."

ती झोपायला गेली. गेलन बसून राहिला. डेल्फिना असती तर एव्हाना कोट घालून दाराबाहेर असती आणि दोन्ही पत्रं तिने उभी राहून लिहून घेतली असती. गेलनला डेल्फिनासारखं बोलता येत नव्हतं. पण घरात आता दुसरं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर तो ऑर्लिनकडे गेला. ऑर्लिन हिवाळाभर यंत्रांच्या शेडमध्येच असतो. तिथे शेगडी आहे, दोन खुर्च्या आहेत आणि बायको नाही, असं तोच सांगतो.

"कॉफी?" ऑर्लिनने विचारलं.

"नको, नको. मी लगेच निघणार."

"केलेलीच आहे."

"कशाला उगाच."

"कपभर घे."

"बरं, अर्धा कप."

ऑर्लिनने काठोकाठ भरून दिला. दोघांनी हवेबद्दल बोलून घेतलं. सात नंबरच्या बसचं तेल कुठून गळत होतं ते गेलनने सांगितलं. ऑर्लिनने त्याच्या कापणीयंत्राच्या पट्ट्याबद्दल सांगितलं. कप रिकामे झाले, पुन्हा भरले. मग गेलन शेगडीकडे बघत म्हणाला, "मारितच्या त्या पत्राचं काय झालं म्हणे."

ऑर्लिन एकदम ताठ झाला. "जास्त झालं का? मला वाटलंच होतं. डिझेलचं वाक्य मी खोडणार होतो. पण बायको म्हणाली राहू दे, लांबचे लोक आहेत, कोणाला कळतंय."

"जास्त नाही झालं. कमी पडलं."

"कमी?"

"ते लोक अलाबामाचे आहेत."

ऑर्लिन विचारात पडला. अलाबामाचा माणूस त्याने एकदाच बघितला होता, गव्हाच्या कापणीला आलेला. त्याने निघताना ऑर्लिनच्या बायकोच्या ॲपल पायची इतकी तारीफ केली होती की ती घाबरून आत गेली होती.

"ऑर्लिन, एक विचारतो," गेलन म्हणाला. "ती गेली तर तुझ्या गाडीवर मागे बसायला कोणी राहत नाही. म्हणून तर कमी नाही ना लिहिलंस?"

हे विचारणं सोपं नव्हतं. चाळीस वर्षांची ओळख. ऑर्लिनने कप खाली ठेवला.

"मुद्दाम कमी लिहायचं असतं तर डिझेलचं लिहिलं असतं का, गेलन?"

"नाही. चुकलं माझं."

"गुडघे गेलेत माझे, मला मागे वाकून बसता येत नाही. रात्री मला समोरचा रस्ता नीट दिसत नाही, तेही तिलाच माहीत आहे. ती गेली की गाडीचं काय होणार ते मला कळत नाही. पण पत्र मी खरं लिहिलं."

"मग आणखी खरं लिही. ती काय करते ते लिही."

"ती चांगलं काम करते, असं?"

"हो."

ऑर्लिनने शेगडीत लाकूड सारलं. "लाज वाटते रे," तो म्हणाला. "शाईने लिहायचं म्हणजे."

शेगडीत लाकूड तडकलं. मग ऑर्लिन आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "त्या मक्याच्या कोठीचं लिहिता आलं असतं. पण त्यात माझीच फजिती आहे."

"कसली फजिती?"

"तुला सांगितलं नाही मी? कोठीत पडलेला एक पोरगा छातीपर्यंत मक्यात रुतला होता. मी वायरलेसवर मदत मागत होतो. बराच वेळ बोललो. मग मारित कोठीवरून म्हणाली, ऑर्लिन, बटण दाबा. मी बटण दाबलंच नव्हतं." तो खुशीत आला. "मग आमच्यातला एकजण कोठीला एका बाजूने भोक पाडायला निघाला, मीच सांगितलं होतं त्याला. मारित ओरडली, दोन्ही बाजूंनी पाडा, नाहीतर सगळी कोठी त्याच्या अंगावर बसेल. मला ते सुचलंच नाही. इतकी वर्षं प्रमुख आहे मी. ती दोर बांधून आत उतरली, त्याच्या तोंडावर मास्क धरून बसली, आणि त्याला त्याच्या गाईंची नावं विचारत राहिली, झोप लागू नये म्हणून. मी काय केलं असेल? मी त्या वेळात ट्रकची चावी आत ठेवून दार लावून घेतलं."

गेलनने त्याच्याकडे नीट बघितलं. एवढी वाक्यं सलग ऑर्लिन आयुष्यात बोलला नव्हता.

"ऑर्लिन, हेच लिही."

"हे? यात मी गाढव दिसतो."

"तिची स्तुती करूच नकोस. स्वतःला शिव्या घाल. जितक्या घालता येतील तितक्या."

ऑर्लिनचा चेहरा उजळला. "ते जमेल," तो म्हणाला. "त्यासाठी दुसरा कागद लागेल मात्र."

बुधवारी दुपारी गेलन चर्चमध्ये गेला. अंत्यविधीच्या जेवणानंतर तो त्या तळघरात उतरला नव्हता. रविवारी वर बसायचा आणि वरूनच घरी जायचा. पण पास्टर सिग्नेबाई बुधवारी तळघरातच असतात, बायकांबरोबर लेफ्स करत. जिना उतरताना बटाट्याचा आणि पिठाचा तोच वास आला. ज्या टेबलाशी डेल्फिना पडली त्याच टेबलाशी आता दोघीजणी लाटत होत्या. टेबल तेच होतं. दुसरं आणायचं काही कारणही नव्हतं.

बायका क्षणभर थांबल्या. मग आर्डिस नावाच्या वयस्कर बाईने एक खुर्ची ओढली, त्याच्यासमोर कॉफी ठेवली आणि लोणी-साखर लावलेलं गरम लेफ्स गुंडाळून हातात दिलं. त्याला नको म्हणायला वेळच दिला नाही. तिथे बसून त्याने ते खाल्लं. बायका पुन्हा लाटायला लागल्या.

"पास्टर, मारितच्या पत्राबद्दल आलो होतो," तो म्हणाला.

सिग्नेबाईंचे हात कोपरापर्यंत पिठात होते. "त्यात काही चुकलं का? मी तर म्हटलं होतं, माझी तक्रार नाही. गेलन, या गावात असं मी कोणाबद्दल लिहू शकत नाही. ऑर्लिनबद्दल लिहायचं तर मला तीन पानं तक्रारी सुचतील."

"तिकडे त्यांना ते उलटं वाटलं."

"उलटं कसं?"

"म्हणजे त्यांना वाटलं की तक्रार नाही एवढंच म्हणायला आहे."

"एवढंच?" एकीने लाटणं खाली ठेवलं.

गेलनने घसा साफ केला. बायकांसमोर बोलायची त्याला सवय नव्हती. "ऑर्लिन त्याचं दुसरं लिहितोय. त्याने स्वतःचीच फजिती लिहिली आहे, आणि त्यात मारित आपोआप येते. तुमची कधी तिच्यासमोर काही फजिती झाली असेल तर."

सिग्नेबाई लाल झाल्या. "झाली आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही."

"गेल्या मार्चमधलं वादळ. एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या आणि ॲम्ब्युलन्स बर्फात अडकली. मी बरोबर होते, प्रार्थनेसाठी. प्रार्थना सुरू केली आणि मधेच मी बेशुद्ध. नेमकी तिच्या पायांवर पडले. मारितने एका हाताने मला बाजूला ओढलं, माझ्या डोक्याखाली स्वतःची टोपी दिली आणि मग बाळ बाहेर काढलं. मला शुद्ध आली तेव्हा बाळ रडत होतं आणि ती बाई मला पाणी देत होती. मला."

एकीला हसू आवरेना. आर्डिस म्हणाली, "हे काहीच नाही. मी तर तिला हाकलून दिलं होतं. माझ्या छातीत दुखत होतं आणि मी म्हणत होते की हेरिंग मासळी जास्त खाल्ली. ती म्हणाली बरं, आणि माझ्या पायरीवर जाऊन बसली. त्या थंडीत. मी पडद्यातून बघतेय, ती बसलीच आहे. शेवटी मला लाज वाटली आणि मी म्हटलं ने बाई मला कुठे न्यायचं ते. हेरिंग नव्हती ती. हृदयाची झडप होती."

"तू कधी बोलली नाहीस हे," दुसरी म्हणाली.

"बोलण्यासारखं आहे का? मूर्खपणा माझाच."

मग एकीला आपला आठवला, मग दुसरीला. कोणी गोळ्या उलट्या घेतल्या होत्या, कोणी तुटलेल्या मनगटाला पोळीची पिशवी बांधून तीन दिवस स्वयंपाक केला होता. प्रत्येकीला आपलाच मूर्खपणा मोठा वाटत होता आणि दुसरीचा ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हतं. सिग्नेबाईंनी हात पुसले आणि चर्चच्या पत्रकाच्या मागच्या बाजूला भराभर टिपून घ्यायला लागल्या.

तव्यावरचं लेफ्स करपल्याचा वास आला तेव्हा सगळ्या थांबल्या.

"डेल्फिना असती तर तिने हे पत्र एकटीनेच लिहिलं असतं," आर्डिस म्हणाली.

"आणि लाउडस्पीकरवर वाचलं असतं," सिग्नेबाई म्हणाल्या.

गेलन हसला. त्याला वाटलं होतं की या खोलीत आपल्याला हसता येणार नाही. तसं काही झालं नाही. नंतर निरोप घ्यायला नेहमीसारखा वेळ लागला. खुर्चीतून उठून एकदा, जिन्याशी एकदा, दारात एकदा, आणि गाडीपाशी सिग्नेबाई कोट न घालता आल्या तेव्हा एकदा.

घरी मारित स्वयंपाकघराच्या टेबलाशी निबंध घेऊन बसली होती; ऑर्लिन दुसरं पत्र लिहितोय हे तिला त्याच्याकडूनच कळलं होतं. तिच्याबाबतीत शिव्यांची युक्ती चालण्यासारखी नव्हती. स्वतःला शिव्या घालायचं काम तिने पहिल्या निबंधात केलंच होतं. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "बाबा, कोरिन बादलीवर बसली होती ना?"

"हो."

"उलटी करून?"

"हो. आणि टॉवेल धरला."

ती लिहीत राहिली. लिहून झाल्यावर तिने त्याला वाचायला दिलं नाही, त्यानेही मागितलं नाही. कागद रात्रभर टेबलावरच होता. सकाळी कॉफी करताना शेवटची ओळ त्याच्या नजरेला पडली. तिने लिहिलं होतं की माझ्या वडिलांना ती बातमी फोनवर कळली नाही, कारण एक बाई स्वतः गॅरेजमध्ये आली. मला ती बाई व्हायचंय, मग ते जहाजावर असो की कुठेही.

गेलनने कागद होता तसा ठेवला आणि बाहेर जाऊन मारितच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडला. तिला निघायला अजून अवकाश होता.

शुक्रवारी टिलरीचा फोन आला.

"मारित, मला सगळं मिळालं. एक गंभीर प्रश्न आहे. त्या ऑर्लिनला तुम्ही अजून गाडी चालवू देता?"

"दिवसा," मारित म्हणाली.

"आणि पास्टरबाईंच्या पत्राला खाली सहा बायकांनी सह्या केल्यात, प्रत्येकीने आपला गुन्हा लिहून. मी बारा वर्षं ही पत्रं वाचतोय. असली कधी वाचली नाहीत. माझ्या वरच्या अधिकाऱ्याला वाचून दाखवली, तो म्हणाला, या मुलीला आत घ्या आणि उरलेल्या गावाला कोणीतरी सांभाळा." मग त्याने विचारलं, "तुमचे बाबा आहेत का तिथे? सर, तुमचं काय म्हणणं आहे मुलीबद्दल? कागदावर नाही. असंच विचारतो."

गेलन फोनकडे बघत राहिला. मारित खिडकीबाहेर बघत होती.

"तशी बरी आहे," तो म्हणाला.

"मला आता कळायला लागलंय हे," टिलरी म्हणाला.

मुलाखत कॉम्प्युटरवर झाली. तीन अधिकारी होते. तुमच्यातले दोष सांगा म्हटल्यावर मारित इतका वेळ बोलली की त्यांनी तिला थांबवलं. गुण सांगा म्हटल्यावर ती म्हणाली, "वेळेवर येते." समितीतल्या एका बाईने मान खाली घालून तोंडावर हात धरला. पत्रं तिने वाचलेली होती.

एप्रिलमध्ये, बर्फ काळा होऊन नाल्यांतून वाहायला लागला तेव्हा, निवड झाल्याचं कळलं. मारितने गॅरेजला येऊन सांगितलं. गेलन या वेळी चार नंबरच्या बसवर वाकलेला होता.

"झालं, बाबा."

"झालं?"

"हो."

"बरं," तो म्हणाला. मग दोघं जेवायला घरी गेले, तेही भर दुपारी, कामाच्या दिवशी. असं गेलनने आधी कधी केलं नव्हतं.

गावात बातमी संध्याकाळपर्यंत पोचली. ऑर्लिन म्हणाला, ठीक झालं. आर्डिसने ॲपल पाय आणून दिला आणि तो बिघडलाय असं तीनदा सांगितलं. तो बिघडला नव्हता. वाण्याच्या दुकानात कोणीतरी गेलनला म्हणालं, "मारितचं कळलं. वाईट नाही." गेलनने शेंगांचा डबा हातात घेतला होता, तो परत फळीवर ठेवला आणि त्या माणसाकडे बघून म्हणाला, "नाही. वाईट नाहीच." त्याच्या मानाने ते भाषणच होतं. घरी येईपर्यंत त्याची मान गरम होती.

ऑगस्टमध्ये मारित गेली. तिच्या गाडीचं तेल, पट्टे, टायर सगळं त्याने दोनदा बघितलं. ती मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत तो फाटकाशी उभा राहिला आणि मग ऑर्लिनच्या शेडवर गेला. या वेळी त्याने कॉफीला एकदाच नको म्हटलं.

"रात्रीची गाडी मी चालवतो," तो म्हणाला. "शाळेच्या बस चालवल्यात मी. ती त्याहून लांब नाही."

"ट्रेनिंग घ्यावं लागेल."

"घेतो."

ऑर्लिनने त्याच्या कपात कॉफी ओतली. "चावी गाडीत विसरू नकोस म्हणजे झालं," तो म्हणाला.

गेलनने सप्टेंबरमध्ये ट्रेनिंग घेतलं. आता बोलावणं आलं की तो जातो, आणि परत आल्यावर डिझेल भरून ठेवतो. मारित रविवारी फोन करते आणि गाडीची चौकशी आधी करते, त्याची नंतर. चर्चच्या फळ्यावर आणि वाण्याच्या दारावर ऑर्लिनची 'माणूस हवा आहे' अशी चिठ्ठी लावलेली आहे. दोघांनी येऊन चौकशी केली, काम ऐकून दोघंही नाही म्हणाले. गाडीत मागे, रुग्णाजवळ बसायला माणूस अजून मिळालेला नाही.